एका दिव्याला दोन बॅटऱ्या : कोणत्या तारेतून किती प्रवाह?

वस्तीवर राहणाऱ्या पुष्कळ कुटुंबांकडे आता एखादे सौर पॅनेल, एक बॅटरी आणि दोन-चार दिवे असा छोटा संच असतो. तीन-चार वर्षांत बॅटरी उतरते. संध्याकाळी लावलेला दिवा नऊच्या आत मंदावू लागतो. मग शेतकरी नवी बॅटरी आणतो. जुनी अगदीच टाकवत नाही, म्हणून तिलाही नवीच्या शेजारी ठेवून लाल तार लाल तारेला आणि काळी तार काळ्या तारेला जोडून देतो. थोडा का होईना, ती भार उचलेल, असा त्यामागे हिशेब असतो. जुवाला जुंपलेला म्हातारा बैल कमी ओढतो, पण गाडी मागे नेत नाही. बॅटरीचे तसे नाही. ती मागेही ओढू शकते.

पुढे वर्षभरात नवी बॅटरीही बसते आणि दोष दुकानदाराला किंवा कारखान्याला दिला जातो. खरा दोष कोठे होता, हे कागद-पेन्सिल घेऊन अर्ध्या तासात काढता येते. त्यासाठी दहावीच्या बीजगणितातील एकसामायिक समीकरणे सोडवता आली म्हणजे पुरे. घरात दहावीचा विद्यार्थी असेल तर त्याला शेजारी बसवून हा लेख वाचावा.

दोन नियम

एकाच बॅटरीवर एकच दिवा असेल तर हिशेब सोपा असतो. दाबाला रोधाने भागले की प्रवाह मिळतो. दाब व्होल्टमध्ये, रोध ओहममध्ये आणि प्रवाह अँपिअरमध्ये मोजतात. हा नियम जर्मन शास्त्रज्ञ जॉर्ज ओहम यांनी १८२७ साली प्रसिद्ध केला. १२ व्होल्टवर ४ ओहमचा दिवा लावला तर १२ ÷ ४ = ३ अँपिअर प्रवाह वाहतो.

परंतु बॅटऱ्या दोन झाल्या की हा एकटा नियम पुरत नाही. कोणता दाब घ्यावा आणि कोणत्या रोधाने भागावे, तेच कळत नाही. ही अडचण गुस्टाव्ह किर्चॉफ यांनी १८४५ साली सोडविली. त्या वेळी ते कोनिग्सबर्ग विद्यापीठात शिकत होते आणि त्यांचे वय अवघे २१ वर्षांचे होते. त्यांचे दोन्ही नियम पाणी देणाऱ्या माणसाला पटायला वेळ लागत नाही.

पहिला नियम सांध्याचा. मुख्य पाटातून आलेले पाणी जेथे दोन दांडांत फुटते, तेथे जेवढे पाणी आले तेवढेच दोन दांडांत मिळून गेले पाहिजे. मातीच्या पाटात थोडे झिरपते, तारेत तेही नाही. तीन तारा जेथे मिळतात तेथे आत येणाऱ्या प्रवाहांची बेरीज ही बाहेर जाणाऱ्या प्रवाहांच्या बेरजेइतकीच असते.

दुसरा नियम फेऱ्याचा. बांधाच्या एका दगडापासून निघून, चढ-उतार करीत सगळ्या शेताला वळसा घालून पुन्हा त्याच दगडाशी आलात, तर एकूण जेवढे चढलात तेवढेच उतरलेले असता. मंडलातही तसेच आहे. बॅटरीत दाब चढतो, तारेत आणि दिव्यात तो उतरतो. कोणताही बंद फेरा पूर्ण केला की चढलेले व्होल्ट आणि उतरलेले व्होल्ट सारखे भरतात.

आकृती व आकडे

वहीत एक शिडी आडवी काढावी. वरचा लांब दांडा म्हणजे लाल तार, खालचा दांडा म्हणजे काळी तार. दोन्ही दांड्यांना जोडणाऱ्या उभ्या पायऱ्या तीन. डाव्या पायरीत नवी बॅटरी, मधल्या पायरीत जुनी बॅटरी आणि उजव्या पायरीत दिवे. या पायऱ्यांना आपण फांद्या म्हणू.

आता प्रत्येक फांदीवर आकडे लिहावेत. येथे बहुतेकजण बॅटरीवर छापलेले १२ व्होल्ट लिहितात. तसे करू नये. शिसे-आम्ल बॅटरीत सहा कप्पे असतात आणि पूर्ण भरून शांत ठेवलेल्या बॅटरीत प्रत्येक कप्पा सुमारे २.१ व्होल्ट देतो. म्हणून चांगली, भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. जुन्या बॅटरीचा एक कप्पा आतून शॉर्ट होऊन मेला असेल तर पाचच कप्पे काम करतात आणि ती कितीही भरली तरी ५ × २.१ = १०.५ व्होल्टवर येऊन थांबते. आपल्या उदाहरणातील जुनी बॅटरी अशी एक कप्पा मेलेली आहे. जुन्या बॅटऱ्यांत हा दोष नेहमी आढळतो.

प्रत्येक फांदीला स्वतःचा रोधही असतो. थोडा बॅटरीच्या आत, थोडा तारेत आणि बराचसा पांढरी-हिरवी बुरशी धरलेल्या क्लिपांत. तो घरी मोजता येतो. एकच बॅटरी घ्यावी, रात्रभर काहीही न जोडता ठेवावी आणि सकाळी मल्टिमीटरने दाब पाहावा. मग तिच्याच तारांवर मोटारसायकलच्या हेडलाईटचा ३५ वॉटचा बल्ब लावून तारांच्या शेवटी पुन्हा दाब पाहावा. हा बल्ब १२ व्होल्टवर जवळपास ३ अँपिअर घेतो. १२.६ वरून दाब १२.३ वर आला, तर ०.३ व्होल्ट उतरले. ०.३ ÷ ३ = ०.१ ओहम. हा झाला नव्या बॅटरीच्या फांदीचा रोध. जुन्या बॅटरीच्या फांदीचा रोध याच रीतीने ०.५ ओहम निघाला असे धरू.

दिव्यांच्या फांदीचा रोध ४ ओहम आहे. एलईडी दिव्यांचा रोध दाबाप्रमाणे बदलतो हे खरे, पण १२ व्होल्टच्या आसपास ३६ वॉटच्या भारासाठी ४ ओहम धरले तर हिशेबाला चालते.

समीकरणे मांडणे

नव्या बॅटरीतून वर जाणाऱ्या प्रवाहाला ‘न’ म्हणू, जुन्या बॅटरीतून वर जाणाऱ्या प्रवाहाला ‘ज’ म्हणू आणि दिव्यांतून खाली येणाऱ्या प्रवाहाला ‘द’ म्हणू. आकृतीत तसे बाण काढावेत. बाण काढताना प्रवाह खरोखर त्याच दिशेने वाहतो का, याची काळजी करू नये. दिशा अंदाजाने धरायची असते. मात्र एकदा धरलेली दिशा हिशेब संपेपर्यंत बदलायची नाही. विद्यार्थी चुकतात ते बहुधा येथेच. मध्येच शंका येते, एक बाण फिरवला जातो आणि सगळे समीकरण बिघडते.

वरच्या सांध्यावर पहिला नियम लावला :

न + ज = द

नवी बॅटरी आणि दिवे या फेऱ्यावर दुसरा नियम लावला :

१२.६ = ०.१ न + ४ द

जुनी बॅटरी आणि दिवे या फेऱ्यावर तोच नियम :

१०.५ = ०.५ ज + ४ द

तिसरा एक फेरा राहिलाच की, नवी बॅटरी ते जुनी बॅटरी, असे तुम्ही म्हणाल. त्याचेही समीकरण लिहिता येते, पण ते वरच्या दोन समीकरणांची वजाबाकी केल्यावर आपोआप मिळते. त्यात नवी माहिती काहीच नसते. हिशेबात ते घातले तर शेवटी ० = ० असे उत्तर येते आणि माणूस गोंधळतो. किती फेरे घ्यावेत याचा नियम असा : फांद्यांच्या संख्येतून सांध्यांची संख्या वजा करून एक मिळवावा. आपल्याकडे फांद्या तीन, सांधे दोन. ३ − २ + १ = २ फेरे. उरलेला तिसरा फेरा ताळा पाहण्यासाठी राखून ठेवावा.

आता ‘द’च्या जागी ‘न + ज’ घातले :

१२.६ = ४.१ न + ४ ज
१०.५ = ४ न + ४.५ ज

पहिल्या समीकरणाला ४.५ ने आणि दुसऱ्याला ४ ने गुणले :

५६.७ = १८.४५ न + १८ ज
४२.० = १६ न + १८ ज

वजा केल्यावर १४.७ = २.४५ न, म्हणून न = ६. ही किंमत वर घातली की १२.६ = २४.६ + ४ ज, म्हणजे ४ ज = −१२ आणि ज = −३. मग द = ६ − ३ = ३.

वजा चिन्ह काय सांगते?

‘ज’चे उत्तर वजा आले म्हणून पुष्कळजण गणित खोडून पुन्हा करायला बसतात. त्याची गरज नाही. वजा चिन्हाचा अर्थ एवढाच की आपण धरलेला बाण उलटा होता. जुन्या बॅटरीतून प्रवाह वर येत नसून ३ अँपिअर प्रवाह वरून तिच्यात उतरत आहे. आकडा बरोबर आहे, फक्त दिशा विरुद्ध आहे.

राखून ठेवलेल्या फेऱ्यावर ताळा पाहू. नव्या बॅटरीच्या बाजूने लाल-काळ्या तारेतील दाब १२.६ − ०.६ = १२ व्होल्ट. जुन्या बॅटरीच्या बाजूने १०.५ + १.५ = १२ व्होल्ट. दिव्यांच्या बाजूने ४ × ३ = १२ व्होल्ट. तिन्ही सारखे आले.

हे उत्तर नीट पाहावे. नवी बॅटरी ६ अँपिअर देत आहे. दिव्यांना मिळतात ३ आणि जुनी बॅटरी गिळते ३. मदतीला म्हणून जोडलेली बॅटरी दिव्यांइतकेच खात आहे. ती काढून टाकली तर नव्या बॅटरीवर १२.६ ÷ ४.१ = ३.०७ अँपिअरचाच भार राहतो, म्हणजे जवळपास निम्मा. बॅटरी १०० अँपिअर-तासांची असेल आणि ती अर्ध्यापर्यंतच उतरवायची असे ठरविले, तर जुनी जोडलेली असताना दिवे सुमारे ८ तास चालतील आणि जुनी काढल्यावर सुमारे १६ तास.

दिवे बंद केल्यावर काय होते, हे तर अधिक वाईट आहे. ‘द’ शून्य झाला तरी दोन बॅटऱ्यांमधला फेरा चालूच राहतो. दोन्ही दाबांतील फरक २.१ व्होल्ट, फेऱ्यातील एकूण रोध ०.६ ओहम. २.१ ÷ ०.६ = ३.५ अँपिअर. घरातले सगळे झोपले आहेत, दिवे बंद आहेत आणि नवी बॅटरी रिकामी होत आहे. जुन्या बॅटरीत प्रवाह शिरत गेला की तिचा दाब थोडा वाढतो आणि प्रवाह उतरू लागतो, म्हणून ३.५ हा आकडा सुरुवातीचा समजावा. मात्र मेलेला कप्पा काही जिवंत होत नाही. ती बॅटरी नव्याच्या बरोबरीला येत नाही. तिचे उरलेले पाच कप्पे जास्त भरले जाऊन त्यांतून बुडबुडे निघतात, पाणी आटते आणि बॅटरी हाताला गरम लागते.

या वेळी मल्टिमीटर लावून पाहिला तर १२.२५ व्होल्ट दिसतात (१२.६ − ०.३५). बघणाऱ्याला वाटते, सगळे ठीक आहे. दोन बॅटऱ्या एकमेकींना जोडलेल्या असताना मीटर एकच आकडा दाखवतो आणि जुनीचा दोष नव्याच्या आड लपतो. म्हणून प्रत्येक बॅटरी सोडवून वेगळीच तपासावी.

दिवसा पॅनेल चालू असताना

दिवसा पॅनेल भरपाई करीलच, असे वाटणे साहजिक आहे. तेही मोजून पाहू. १०० वॉटचे पॅनेल भर उन्हात साधारण ५ अँपिअर प्रवाह देते. म्हणजे शिडीला आणखी एक पायरी लागली. आता फेरे मांडत बसण्यापेक्षा दुसरी युक्ती सोयीची पडते. लाल आणि काळ्या तारेमधील दाबालाच अज्ञात मानावे. त्याला ‘व’ म्हणू. प्रत्येक फांदीतला प्रवाह ‘व’च्या भाषेत लिहून सांध्याचा नियम एकदाच लावायचा :

(१२.६ − व) ÷ ०.१ + (१०.५ − व) ÷ ०.५ + ५ = व ÷ ४

भागाकार उलगडले की १२६ − १० व + २१ − २ व + ५ = ०.२५ व. म्हणजे १५२ = १२.२५ व आणि व = १२.४१ व्होल्ट. पायऱ्या कितीही वाढल्या तरी अज्ञात एकच राहतो, हा या रीतीचा फायदा. पण ती अशी एकेरी चालते ती सगळ्या फांद्या त्याच दोन तारांमध्ये असतील तेव्हाच. सांधे जास्त असतील तर तितके दाब अज्ञात धरावे लागतात.

‘व’ मिळाल्यावर नव्या बॅटरीचा प्रवाह सुमारे १.९ अँपिअर, जुन्या बॅटरीत शिरणारा ३.८ आणि दिव्यांचा ३.१ येतो. भर दुपारी, पॅनेल पूर्ण प्रवाह देत असताना आणि दिवे चालू असताना नवी बॅटरी भरत नाही, उलट अजून देतेच आहे. दिवे बंद केले तर व = १५२ ÷ १२ = १२.६७. पॅनेलच्या ५ अँपिअरपैकी जुनीत जातात ४.३३ आणि नव्या बॅटरीला मिळतात फक्त ०.६७.

शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण भरण्यासाठी तिचा दाब सुमारे १४ व्होल्टपर्यंत चढावा लागतो. येथे तो तेरालाही पोहोचत नाही. महिनोन्महिने अर्धवट भरलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचा पांढरा थर घट्ट बसतो आणि मग चांगल्या चार्जरनेही ती पूर्ण भरत नाही. नवी बॅटरी वर्षात बसली, ती अशी.

काय करावे?

जुनी बॅटरी सोडवावी. सौर संच असेल तर आधी पॅनेलची तार काढावी, मग बॅटरीची काळी आणि शेवटी लाल. बॅटरीजवळ विडी-काडी नको, कारण भरताना हायड्रोजन वायू निघतो. हातातले कडे-अंगठी काढून ठेवावी. पान्ह्याने लाल व काळे टोक चुकून जोडले गेले तर शेकडो अँपिअर वाहतात आणि पाना वितळू शकतो. मीटरची तार अँपिअरच्या छिद्रात ठेवून बॅटरीच्या दोन टोकांना कधीही लावू नये, तोही शॉर्टच असतो.

सोडवलेली बॅटरी चार्जरवर पूर्ण भरून रात्रभर शांत ठेवावी. सकाळी १२.४ च्या वर दाखवत असेल तर ती अजून कामाची आहे. साडेदहाच्या आसपास अडकली असेल तर हायड्रोमीटरने सहाही कप्प्यांचे विशिष्ट गुरुत्व पाहावे. पाच कप्पे १.२५ च्या आसपास आणि एकच फार खाली, असे दिसले की निदान पक्के झाले. अशी बॅटरी विक्रेत्याकडे परत द्यावी. तिच्यातील आम्ल बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नये, त्यात शिसे असते.

दोन चांगल्या बॅटऱ्या एकत्र जोडावयाच्या असल्यास त्या एकाच वयाच्या, एकाच क्षमतेच्या घ्याव्यात आणि प्रत्येकीच्या लाल तारेत स्वतंत्र फ्यूज बसवावा. दिव्याची लाल तार एका बॅटरीवरून आणि काळी तार दुसऱ्या बॅटरीवरून घ्यावी, म्हणजे दोन्ही फांद्यांतील तारेचा रोध सारखा होतो. लिथियम बॅटरी मात्र शिसे-आम्ल बॅटरीला थेट जोडू नयेच. वयाने वेगळ्या पण चांगल्या बॅटऱ्या वापरण्यासाठी दुतोंडी बदल-स्विच बसवून आज एक, उद्या दुसरी असे चालवणे स्वस्त पडते.

पंपाच्या थ्री-फेज लाईनलाही किर्चॉफचे हेच नियम लागतात. पण तेथे दाब व प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने करीत असतात आणि दोघांची वेळ जुळतेच असे नाही. त्यामुळे साधी बेरीज-वजाबाकी तेथे वापरू नये.

सरावासाठी एक उदाहरण

एका बॅटरीचा दाब १२.६ व्होल्ट व फांदीचा रोध ०.१ ओहम आहे. दुसरीचा दाब १२.४ व्होल्ट व रोध ०.२ ओहम आहे. दोन्हींवर मिळून १.५ ओहमचा फवारणी पंप चालतो. तिन्ही फांद्यांतील प्रवाह काढा आणि पंप बंद केल्यावर दोन बॅटऱ्यांत किती प्रवाह फिरतो तेही सांगा.

उत्तर : पहिली बॅटरी ६ अँपिअर देते, दुसरी २ अँपिअर देते, पंपाला ८ अँपिअर मिळतात. पंप बंद केल्यावर पहिलीतून दुसरीत ०.६७ अँपिअर जातो आणि दोघींचे दाब सारखे झाले की तो थांबतो.